मनोविकार वॉर्डातले पोस्टिंग कसे करावे : नागपुरातील परिचर्या विद्यार्थ्यांसाठी

मनोविकार परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेणारी विद्यार्थिनी वॉर्डात पाऊल ठेवते तेव्हा तिच्या बॅगेत लॉगबुक आणि हिस्ट्रीचा, म्हणजे रुग्णाच्या पूर्वमाहितीचा, छापील नमुना असतो. किती केस स्टडी, किती प्रोसेस रेकॉर्डिंग (रुग्णाशी झालेल्या संभाषणाची शब्दशः नोंद) आणि आरोग्यशिक्षणाची किती सत्रे पूर्ण करायची, हा आकडाही तिच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. आकडा पूर्ण होतोच. समोरच्या माणसाचे जे दिसले आणि जे ऐकू आले, ते आपला अर्थ न चढवता जसेच्या तसे कागदावर उतरवणे मात्र अनेकींना पोस्टिंग संपेपर्यंत जमत नाही. माझ्या मते सगळे पोस्टिंग या एका कौशल्याभोवती आखावे. औषधे, कायदा, इसीटी (भूल देऊन करायचा विजेचा उपचार), नातेवाइकांशी बोलणे हे बाकीचे सारे त्याच्याच आधाराने शिकता येते.

‘सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर’ हे नाव विद्यार्थ्यांच्या कानावर हल्ली वारंवार येते, म्हणून सुरुवातीलाच एक खुलासा. अमेरिकेत ही परिचारिका स्वतः निदान करते, औषधे लिहून देते, आणि तेथील प्रमाणपत्र परीक्षेसाठी तिला देखरेखीखाली केलेले किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष काम दाखवावे लागते. भारतात नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अतिदक्षता विभागासाठी सुरू झाला. मनोविकारांच्या क्षेत्रात आपल्याकडचा मार्ग एम.एस्सी. नर्सिंगमधील मनोविकार परिचर्या या विशेष विषयातून जातो. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात या विषयाच्या प्रात्यक्षिकाला पहिल्या वर्षी ६५० आणि दुसऱ्या वर्षी ९५० तास दिलेले आहेत. औषध लिहून देणे हे मनोविकार परिचारिकेचे काम येथे नाही. पण औषध पोटात गेल्यानंतरचे चोवीस तास रुग्णाजवळ कोण असते, हे एकदा लक्षात घेतले की एवढे तास जास्त वाटेनासे होतात.

नागपुरात शिकणाऱ्यांना जागांची वाण नाही. १८६४ मध्ये सुरू झालेले प्रादेशिक मनोरुग्णालय हे ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार शासकीय मनोरुग्णालयांपैकी एक आहे. याशिवाय मेडिकल आणि मेयो ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे मनोविकार विभाग आहेत. मनोरुग्णालयात महिनोन्‌महिने, काही वेळा वर्षानुवर्षे राहिलेली माणसे भेटतात; सामान्य रुग्णालयाच्या मनोविकार वॉर्डात रुग्ण थोड्याच दिवसांत घरी जातो आणि त्याच्या उशाशी नातेवाईक बसलेला असतो. महाविद्यालयाने पाळी ठरवून दिलेली असेल तर प्रश्नच मिटला. निवड करता येत असेल तर आधी दीर्घकाळ राहणाऱ्या रुग्णांच्या वॉर्डात जावे, कारण तेथे घाई नसते आणि नुसते शेजारी बसणे शिकता येते. त्यानंतर तीव्र आजाराचा वॉर्ड, मग ओपीडी व व्यसनमुक्ती, आणि शेवटी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाबरोबर तालुक्याच्या गावी जाणे, असा क्रम मला सोयीचा वाटतो.

जाण्यापूर्वी

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो सगळा पाठ करण्याची गरज नाही, पण काही कलमे वॉर्डात रोज हाताखालून जातात, ती वाचूनच जावे. स्वतःच्या इच्छेने दाखल झालेला रुग्ण कलम ८६ खाली येतो; निर्णय घेण्यासाठी ज्याला मोठ्या प्रमाणावर आधार लागतो त्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून कलम ८९ खाली जास्तीत जास्त तीस दिवसांसाठी दाखल करता येते, आणि त्यापुढे ठेवायचे असेल तर कलम ९० ची वेगळी प्रक्रिया पार पाडावी लागते. केसपेपर हातात घेतल्यावर निदान वाचण्याआधी रुग्ण कोणत्या कलमाखाली आहे ते पाहावे. स्वतःहून आलेला माणूस ‘मला घरी जायचे आहे’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आणि त्यावरचे आपले कर्तव्य कलम ८९ खालील रुग्णापेक्षा वेगळे असते. दोघांच्याही नोंदीत ‘घरी जाण्याचा हट्ट धरतो’ असे लिहिले तर कायद्याने केलेला सगळा भेद एका ‘हट्ट’ या शब्दात बुडतो.

कलम २३ गोपनीयतेचे आहे. वॉर्डात मोबाइल बाहेर काढू नये, फोटो तर अजिबात नाही, आणि केस स्टडीत नाव, गाव, नोंदणी क्रमांक यांपैकी काहीही येऊ देऊ नये. लहान गावच्या माणसाचे नुसते गाव आणि धंदा लिहिला तरी तो ओळखू येतो, हे विद्यार्थिनींच्या लक्षात येत नाही.

पोशाखाबद्दल थोडक्यात : गळ्यात साखळी, लोंबते ओळखपत्र, मोठी कानातली, टोकदार पिना नकोत, केस बांधलेले असावेत, कात्री, सुई, काचेची बाटली वॉर्डात नेल्यास बाहेर पडताना मोजून परत आणावी. आत गेल्यावर दार कोणत्या बाजूला आहे ते पाहून ठेवावे आणि बसताना दार व आपण यांच्यामध्ये रुग्ण येणार नाही, तसेच रुग्णाची वाटही आपण अडवणार नाही, अशा बेताने बसावे. कोणी खर्रा (घोटलेली सुपारी-तंबाखू) मागितला तर हसून नाही म्हणावे. तो मागितला जाणारच, हे नागपूर आहे.

पहिले संभाषण आणि त्याची नोंद

हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नात्याचे टप्पे मांडले. आज प्रत्येक विद्यार्थिनी ते परीक्षेत लिहिते, पण ओळखीच्या टप्प्यातच निरोपाची तारीख सांगायची असते हे वॉर्डात गेल्यावर विसरते. पहिल्याच दिवशी आपले नाव, आपण विद्यार्थिनी आहोत ही गोष्ट, किती वाजता येऊ, किती वेळ बसू आणि कोणत्या तारखेनंतर येणार नाही, हे चार वाक्यांत सांगावे. संबोधनासाठी काका, मावशी, दादा, ताई हे आपले नेहमीचे शब्द पुरेसे आहेत. वयाने मोठ्या माणसाला केवळ तो आजारी आहे म्हणून एकेरी हाक मारणे हा मला अक्षम्य गुन्हा वाटतो, मग वॉर्डातले इतर कोणी तसे करत असले तरीही.

आता नोंदीकडे वळू. एका विद्यार्थिनीच्या वहीत पन्नाशीच्या एका गृहस्थांविषयी एवढेच होते : ‘रुग्ण संशयी असून प्रश्नांची उत्तरे देण्यास नकार देतो.’ तिला बाकावर बसवून, आठवेल तसे सगळे पुन्हा लिहायला सांगितले. ओळख पटू नये इतके बदल करून ती दुसरी नोंद येथे देतो.

‘सकाळी साडेदहा. काका पलंगाच्या कडेला, पाय खाली सोडून. मी स्टुलावर बसल्यावर त्यांनी आपले ताट आणि पेला उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला. मी विचारले, “काका, जेवण झालं का?” दाराकडे पाहत म्हणाले, “तुमाले काऊन सांगू? तुमीबी त्याइच्यातल्याच.” मी : “कोणाच्यातली?” सुमारे एक मिनिट गप्प. मग हळू आवाजात, “जेवनात कालवतेत ते.” मला भीती वाटली. मी विषय बदलला आणि घरी कोण कोण असते ते विचारले. काका भिंतीकडे वळले.’

या दुसऱ्या नोंदीत संशय हा शब्द कुठेही नाही, तरी तो वाचणाऱ्याला दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहिल्या नोंदीतून निसटलेला प्रश्न येथे समोर येतो. अन्नात काही कालवले जाते असे ज्याला वाटते, तो जेवतो का? त्या दिवशी ताट भरलेलेच परत गेले होते. आठवड्याचे वजन पाहिले तर ते उतरत चालले होते. त्यानंतर त्यांना सालासकट संत्रे, केळे आणि कवचासकट उकडलेले अंडे देण्यात आले. स्वतः सोलून खाण्याच्या या वस्तू त्यांनी खाल्ल्या. परिचर्येच्या आराखड्यात ‘पोषणाची कमतरता’ असे भारदस्त निदान लिहिता येते, पण सोलून खायचे संत्रे हा उपाय त्या निदानातून सुचत नाही, ताट पलीकडे ठेवल्याच्या नोंदीतून सुचतो.

भीती वाटली आणि विषय बदलला, हे त्या मुलीने लिहिले याचे मला कौतुक वाटते. प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये रुग्णाचे शब्द, आपले शब्द आणि त्या क्षणी आपल्या मनात आलेले असे तीन रकाने असतात. तिसरा रकाना बहुतेक जण घरी जाऊन शोभेचा भरतात. तो खरा भरला तरच मार्गदर्शकाला काही शिकवता येते. संभाषण चालू असताना लिहीत बसू नये. पंधरा-वीस मिनिटे बोलावे, मग ड्यूटी रूममध्ये जाऊन लगेच लिहावे, आणि नेमके शब्द आठवत नसतील तेथे अवतरणचिन्ह देऊ नये. रुग्णाचे वऱ्हाडी किंवा हिंदी बोल प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत फिरवून लिहिण्याचा मोह टाळावा. ‘जीव घाबरते’ याचे ‘अँक्झायटी’ करून टाकले की त्या माणसाला धडधडते, गुदमरते की कशाची तरी भीती वाटते, हे विचारायचे राहूनच जाते.

मानसिक स्थितीची तपासणी आपल्या माणसांत

एमएसईचा, म्हणजे मानसिक स्थितीच्या तपासणीचा, छापील नमुना दुसरीकडच्या माणसांसाठी घडलेला आहे, याचे भान ठेवून तो वापरावा. दिवस-वार-तारीख हा भाग घ्या. ज्याच्या वॉर्डात कॅलेंडर नाही आणि ज्याचे सगळे दिवस सारखेच उजाडतात, त्याला तारीख सांगता आली नाही म्हणून कालभान नाही असे लिहिणे अन्यायाचे आहे. आधी ऋतू विचारावा, मग सण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते; ‘मारबत निघून किती दिवस झाले असतील?’ या प्रश्नाला शहरातल्या माणसाने दिलेले उत्तर तारखेपेक्षा जास्त सांगून जाते. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी, पन्नासची नोट देऊन बारा रुपयांची भाजी घेतली तर परत किती येतील, असे विचारावे. शाळेत न गेलेली मावशी हे हिशेब आपल्यापेक्षा लवकर करते. म्हणीचा अर्थ विचारून अमूर्त विचार तपासण्याची पद्धत आहे, पण ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने मराठी घरात ऐकलीच नाही, त्या छिंदवाडा-सिवनीकडच्या हिंदी बोलणाऱ्याला किंवा घरी गोंडी बोलणाऱ्याला ती विचारून काय कळणार? त्यांना संत्रे आणि केळे यांत सारखे काय, एवढे विचारले तरी चालते. गोंडी बोलणाऱ्या रुग्णासाठी शक्यतो नातेवाइकाव्यतिरिक्त दुसरा कोणी दुभाषी मिळवावा, कारण नातेवाईक भाषांतर करताना लाजिरवाणे वाटणारे भाग गाळतात.

भ्रम कोणता आणि श्रद्धा कोणती, हा प्रश्न येथे रोजचा आहे. ‘बाहेरचं झालं’, ‘करणी केली’, ‘अंगात येते’ ही वाक्ये ओपीडीत दर तासाला ऐकू येतात, आणि अनेक कुटुंबे ताजबाग किंवा एखाद्या देवस्थानी जाऊन मगच आपल्याकडे आलेली असतात. ज्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर ही माणसे जातात, त्या बाबांना १८९२ मध्ये नागपूरच्याच वेड्यांच्या इस्पितळात दाखल करण्यात आले होते आणि ते सुमारे सोळा वर्षे तेथे राहिले. या शहरात दर्गा आणि इस्पितळ यांचे नाते असे जुने आहे. नातेवाइकांना हिणवू नये. ‘घरातले, शेजारचे लोकही असेच मानतात का? की यांचे म्हणणे त्यांनाही विचित्र वाटते?’ एवढे विचारून उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. सगळे गाव मानते ते एक, आणि गावातल्या इतर भक्तांनाही जे अजब वाटते ते दुसरे. शिवाय देवस्थानी जाण्याच्या काळात आधीची औषधे बंद केली होती का, साखळीने बांधले होते का, उपाशी ठेवले होते का, हे न चुकता विचारावे, कारण मनगटावरची जखम आणि रक्तातली साखर यांचा इलाज आज करायचा असतो.

व्यसनाची हिस्ट्री घेताना रुग्णाचा जिल्हा लक्षात ठेवावा. वर्धा आणि गडचिरोली येथे दारूबंदी आहे. तेथून आलेला माणूस ‘पितच नाही’ म्हणतो ते पोलिसांच्या धास्तीनेही असू शकते. ही माहिती उपचारासाठीच हवी आहे असे सांगून, देशी की मोहाची, दिवसाला किती पव्वे किंवा ग्लास, आणि शेवटचा घोट कधी, असे विचारावे. शेवटच्या घोटाची वेळ सर्वांत मोलाची, कारण दारू थांबल्यावर हाताची थरथर पहिल्या दिवसात दिसते, झटके साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत येतात, आणि भान हरपणे, नसलेले किडे-माणसे दिसणे ही धोक्याची अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येते. बीडी आणि खर्रा यांची चौकशी वेगवेगळी करावी. बीडी-सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापीन आणि ओलान्झापीन ही भ्रम-भासांवरची औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून वॉर्डात आल्यावर बीडी सुटलेल्या रुग्णात त्याच मात्रेने गुंगी वाढू शकते. खर्र्याने तसे होत नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. खर्र्याचे दुखणे निराळे : वर्षानुवर्षे सुपारी-तंबाखू चघळणाऱ्याचे तोंड पुरेसे उघडत नाही, आणि ही गोष्ट इसीटीच्या भुलीआधी भूलतज्ज्ञाला कळलीच पाहिजे.

जीव देण्याविषयी विचारणे

हा प्रश्न विद्यार्थिनी टाळतात, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. उलट विचारणारे कोणी भेटले याने बहुतेकांना हायसे वाटते. पायरीपायरीने जावे : ‘कधी असं वाटतं का, की आपण नसतो तर बरं झालं असतं?’ मग ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ आणि होकार आला तर कसे, कधी, त्यासाठी काही जमवून ठेवले आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातल्या घरात फवारणीच्या औषधाचा डबा कुठे ठेवलेला असतो, हे विचारल्याशिवाय शेतकरी रुग्णाची हिस्ट्री पूर्ण झाली असे मी मानत नाही. डिस्चार्जच्या वेळी तो डबा कुलपात किंवा घराबाहेर ठेवण्याविषयी घरच्यांशी बोलावे, आणि कोण ठेवणार त्या व्यक्तीचे नाते नोंदीत लिहावे.

‘सिस्टर, कोणाला सांगू नका,’ असे म्हणून रुग्ण बोलू लागला तर तसे वचन देऊ नये. ‘तुमच्या जिवाला धोका असेल तर मला डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना सांगावे लागेल, पण ते मी तुम्हाला सांगूनच सांगेन,’ असे स्पष्ट म्हणावे आणि लगेच सांगावे. लॉगबुक भरून झाल्यावर नव्हे. प्रयत्न करून आलेल्या माणसाशी गुन्हेगारासारखे बोलले जात असेल तर कलम ११५ ची आठवण द्यावी : असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच कायदा गृहीत धरतो. घरी जाणाऱ्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आपल्यासमोरच साठवून द्यावा; कागदावर लिहून दिलेला क्रमांक बसमध्येच हरवतो.

औषधे, आणि नागपूरचा उन्हाळा

माझी स्वतःची सर्वांत लाजिरवाणी नोंद याच विषयातली आहे. विद्यार्थिदशेत, एका रुग्णालयात, हॅलोपेरिडॉल या भ्रम-भासांवरच्या औषधाचे इंजेक्शन सुरू होऊन दुसराच दिवस झालेल्या विशीतल्या एका मुलाविषयी मी लिहिले होते : ‘रुग्ण सहकार्य करत नाही, तोंड उघडत नाही, वर पाहत राहतो.’ औषध घ्यायला तो तोंड उघडेना म्हणून मी त्याला दोनदा रागावलोही. राउंडला आलेल्या सिस्टरनी त्याच्या मानेला हात लावला आणि डॉक्टरांना बोलावले. जबडा आवळलेला, मान एका बाजूला ओढली गेलेली, डोळे वर चढलेले : हा तीव्र डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळे स्नायू आवळण्याचा त्रास, होता. प्रोमेथाझीनच्या इंजेक्शननंतर थोड्याच वेळात तो पाणी मागू लागला. जबडा आवळलेला दिसतो एवढेच मी लिहिले असते, तर पुढची वाचणारी व्यक्ती एका नजरेत ओळखती. ‘सहकार्य करत नाही’ या माझ्या अर्थामुळे तो मुलगा तासभर जास्त तळमळला.

म्हणून नवे अँटिसायकोटिक (हॅलोपेरिडॉलसारखे भ्रम-भासांवरचे औषध) सुरू झालेल्या रुग्णाकडे पहिले काही दिवस डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. तरुण पुरुषांत डिस्टोनिया अधिक आढळतो. घशाचे स्नायू आवळले तर श्वासाला धोका असतो, त्यामुळे आवाज बदलला तरी लगेच कळवावे. सतत येरझाऱ्या घालणाऱ्या रुग्णाला ‘अस्वस्थ’ म्हणण्याआधी, ‘पायात कसं होतं? बसावंसं वाटतं पण बसवत नाही का?’ असे विचारावे. ही अकाथिझिया, म्हणजे औषधाने आलेली बसू न देणारी बेचैनी, असू शकते, आणि ती न ओळखता त्याच औषधाची मात्रा वाढवली गेली तर त्रास दुप्पट होतो. क्लोझापीन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला असते. ताप आणि घसादुखी हलक्यात घेऊ नये, आणि शौचाला झाली की नाही हा प्रश्न संकोच न करता रोज विचारावा, कारण या औषधाने होणारी बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पोस्टिंगला असलेल्यांनी मनःस्थितीचे चढउतार आवरणाऱ्या लिथियम या औषधाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते आणि रक्तातील पातळी चढते. ती साधारण ०.६ ते १.२ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावी, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि नमुना शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घ्यायचा असतो; म्हणून सकाळी नमुना घेण्याआधी कोणी गोळी दिली नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आपली. बोटांची बारीक थरथर नेहमीचीही असू शकते, पण पेला धरताना पाणी सांडेल इतकी जाड थरथर, उलट्या-जुलाब, जड जीभ, झोकांड्या यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. नातेवाइकांना तीन गोष्टी समजावाव्यात : उन्हात पाणी भरपूर, मीठ एकदम तोडायचे नाही, आणि अंगदुखीसाठी मेडिकल दुकानातून परस्पर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घ्यायचे नाही. शेवटची सूचना सर्वांत जास्त मोडली जाते.

क्लोरप्रोमाझीन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल यांसारख्या औषधांनी घाम कमी येतो, त्यामुळे पंख्याखालीही असा रुग्ण तापू शकतो. मे महिन्यात तापलेला, भान हरपत चाललेला रुग्ण दिसला तर ऊन लागले असे गृहीत धरून मोकळे होऊ नये. त्याचा हात कोपरात वाकवून पाहावा. लोखंडी नळीसारखा ताठरपणा, सोबत वरखाली होणारा रक्तदाब आणि घाम असेल तर न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची, म्हणजे अँटिसायकोटिकच्या जीवघेण्या दुष्परिणामाची, शंका घ्यावी. उष्माघातात अंग बहुधा सैल असते. दोन्ही वेळी अँटिसायकोटिकची पुढची मात्रा थांबवून डॉक्टरांना तातडीने बोलवायचे आणि अंग थंड करायला लागायचे. नोंदीत मात्र तापमान, नाडी, रक्तदाब, ताठरपणा आणि वेळ एवढेच लिहावे.

गोळ्या देताना रुग्णाच्या समोर उभे राहून पाणी पिऊ द्यावे, मग जिभेखाली आणि गालात पाहावे. गोळी लपवलेली सापडली तर ओरडण्याऐवजी ‘ही घेतल्यावर काय होतं?’ असे विचारावे. उत्तरात बहुतेक वेळा एखादा दुष्परिणाम मिळतो.

इसीटी आणि बांधून ठेवणे

इसीटीविषयी थोडेच सांगतो. कलम ९५ नुसार स्नायू शिथिल करणारे औषध आणि भूल यांच्याशिवाय इसीटी देता येत नाही. आदल्या रात्रीपासूनचा उपवास, संमतीपत्र, काढलेली कवळी, रिकामे केलेले मूत्राशय हे सगळे तपासणी-यादीत असतेच. विद्यार्थिनीने खरे काम नंतरच्या तासात शोधावे. रुग्ण जागा होताना आपण कुठे आहोत हे त्याला आठवत नाही. तेव्हा ओळखीचा आवाज त्याला नाव, जागा आणि वेळ पुन्हा पुन्हा शांतपणे सांगत राहिला तर तो घाबरत नाही.

शरीर बांधून ठेवण्याबद्दल कलम ९७ कडक आहे. तत्काळ होणारी इजा टाळण्याचा दुसरा मार्गच उरला नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, अत्यावश्यक असेल तेवढाच वेळ. एकांतकोठडी तर नाहीच. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हे कायद्यात शब्दशः आहे, आणि प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. विद्यार्थिनीने स्वतः कोणाला बांधू नये, पण बांधलेल्या रुग्णाजवळ बसायला मिळाले तर बसावे : बोटांचा रंग, पट्ट्याखाली आपले बोट जाते का, पाणी, लघवी यांची वेळ टाकून नोंद करावी, आणि तो माणूस काय बोलतो तेही लिहावे.

मार्गदर्शकाकडून काय घ्यावे

वॉर्डातील प्रिसेप्टरला, म्हणजे शिकवणाऱ्या अनुभवी परिचारिकेला, रोज अर्धा तास मागून घ्यावा. तेवढ्या वेळात सगळी फाईल वाचून दाखवू नये. दिवसातला एकच प्रसंग, जेथे आपण अडखळलो तो, शब्दशः वाचावा. अटेंडंट मामा आणि मावशी यांनाही विचारत जावे, कारण रात्री कोण झोपला नाही आणि कोणी कोणाला आपली पोळी दिली हे त्यांना ठाऊक असते. न घेतलेल्या मुलाखती लॉगबुकात चढवण्याची जुनी खोड आहे. चाचणीसाठी मी अशा नोंदीत फक्त एक गोष्ट विचारतो, रुग्ण बसला होता कुठे? बनावट नोंदीला याचे उत्तर येत नाही.

शेवटच्या आठवड्यात निरोपाची तारीख रोज सांगावी. फोन नंबर देऊ नये, घेऊ नये, भेटवस्तू देऊ नये. ‘आता कोण येईल?’ असे रुग्ण विचारतो. पुढच्या तुकडीच्या मुलीला शक्य असेल तर एक दिवस सोबत आणून ओळख करून द्यावी, आणि तिच्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर एवढे लिहून ठेवावे : काका सकाळी दहानंतर बोलतात, डाव्या कानाने कमी ऐकू येते, संत्रे सोलून दिलेले घेत नाहीत.